पावसाळ्यात तळाचे मासे जागा का सोडतात?

पावसाळी मासेमारीबंदी उठली की कोकणच्या बंदरांवरून दोन उलट्या तऱ्हेच्या बातम्या येऊ लागतात. एका बंदरात ट्रॉलर दोन-तीन दिवस समुद्रात काढून जवळजवळ रिकामे परततात आणि डिझेलचाही खर्च सुटला नाही म्हणून नाखवे कपाळाला हात लावतात. तर त्याच सुमारास दुसऱ्या एखाद्या बंदरात किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जाळे टाकणाऱ्यांना राणी मासा आणि कोळंबी इतकी मिळते की भाव कोसळतो. बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला यातले काहीच कळत नाही. ‘यंदा मासळी नाही’ असे एक कोळीण सांगते आणि शेजारची टोपली भरून बसलेली असते. या गोंधळाची सगळी उत्तरे एका कारणात सापडत नाहीत, पण मोठे उत्तर समुद्राच्या तळाशी आहे आणि ते बहुतांशी श्वासाशी निगडित आहे.

तळवासी म्हणजे कोण?

समुद्रातल्या माशांचे ढोबळ दोन गट करता येतात. तारली, बांगडा, सुरमई हे मासे पाण्याच्या वरच्या थरांत थव्याने फिरतात. ढोमा, घोळ, राणी, लेपा, शिंगाळा, वाम, पाखट हे मासे तळावर किंवा तळाच्या थोडे वर राहतात, तिथल्या चिखलातले किडे, खेकडे आणि लहान मासे खातात. त्यांना तळवासी मासे म्हणतात. कोळंबी आणि चिंबोरी हे मासे नव्हेत, पण त्यांचाही संसार तळावरच आहे. ट्रॉलचे जाळे दोन जड फळ्यांच्या जोरावर तोंड उघडे ठेवून तळावरून ओढले जाते ते याच मंडळींसाठी.

हे मासे ज्या तळावर राहतात तो किनाऱ्यापासून हळूहळू उतरत जाणारा पट्टा आहे. शाळेच्या भूगोलात आपण त्याला ‘समुद्रबूड जमीन’ म्हणत होतो. साधारण दोनशे मीटर खोलीपर्यंत ती मंद उताराने जाते आणि मग एकदम कडा यावा तसा समुद्र खोल होतो. मुंबईसमोर हा पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, गोव्यासमोर तो शंभरेक किलोमीटरच भरतो आणि केरळकडे आणखी अरुंद होत जातो. या रुंदीला पुढे महत्त्व येणार आहे.

पाण्यात श्वास घेणे किती महाग असते

आपण हवेत राहतो म्हणून प्राणवायूची किंमत आपल्याला कळत नाही. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या पृष्ठभागावरच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेचार मिलिलिटर असतो, आणि ही झाली चांगल्या दिवसाची गोष्ट. म्हणजे माशाला मुळातच आपल्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्श्यावर संसार चालवावा लागतो. हे प्रमाण लिटरला दीड मिलिलिटरच्या खाली गेले की बहुतेक मासे अस्वस्थ होतात, खाणे कमी करतात आणि जागा सोडू लागतात. अर्ध्या मिलिलिटरच्या खाली फार थोडे जीव तग धरतात.

त्यातही एक अडचण अशी की पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमके त्याच वेळी माशाच्या शरीराला तो जास्त लागतो, कारण त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर वाढते. पगार कमी व्हावा आणि त्याच महिन्यात घरभाडे वाढावे, तसे हे आहे.

साय बाजूला सरकते तेव्हा

अरबी समुद्राच्या पोटात साधारण दीडशे मीटरपासून हजारेक मीटर खोलीपर्यंत एक असा जाड थर आहे की ज्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. जगातल्या अशा सर्वांत जाड थरांमध्ये त्याची गणना होते. तो बारा महिने तिथे असतो. वरच्या थरांत वाढलेले सूक्ष्म जीव मेले की खाली पडत राहतात, त्यांना कुजवणारे जिवाणू प्राणवायू खर्च करतात, आणि अरबी समुद्र उत्तरेकडून जमिनीने बंद असल्यामुळे तिकडून थंड, ताजे पाणी येऊन ही तूट भरून निघत नाही. एरवी हा थर समुद्रबूड जमिनीच्या कड्यापलीकडे, खाली असतो, म्हणून किनाऱ्यालगतच्या माशांना त्याची झळ लागत नाही.

पावसाळ्यात मात्र तो वर चढतो. गरम दुधाच्या पातेल्यावर फुंकर घातली की साय एका बाजूला सरकते आणि खालचे दूध वर दिसू लागते. किनाऱ्यावर काहीसे तेच घडते. मोसमी वाऱ्याचा एक घटक वायव्येकडून, किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरचे पाणी वाऱ्याच्या थोडे उजवीकडे ढकलले जाते, म्हणजे आपल्या बाबतीत किनाऱ्यापासून दूर. त्याची जागा भरायला खालचे थंड पाणी उतारावरून किनाऱ्याकडे चढते. याला शास्त्रात ‘अपवेलिंग’ म्हणतात. आपण या लेखापुरते ‘तळपाण्याची चढण’ म्हणू.

ही चढण दक्षिणेकडून सुरू होते. केरळात मे-जूनमध्ये तिची चाहूल लागते, मग ती उत्तरेकडे सरकत कर्नाटक आणि गोव्यासमोर येते आणि ऑक्टोबरपर्यंत टिकते. उत्तरेकडे तिचा जोर कमी होत जातो. मुंबईसमोर पट्टा रुंद असल्यामुळे खोल पाण्याला किनाऱ्यापर्यंत यायला वाटही फार लांबची पडते. तरीही मुंबईचा समुद्र या गोष्टीपासून मुक्त नाही. कमी प्राणवायूचा थर मुंबईसमोर उतारावरून किनाऱ्याच्या दिशेने चढतो आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो, हे कॅरदर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तु या चौघांनी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात १९५९ सालीच मांडले होते. त्याच वर्षी कार्ल बान्झे या सागरशास्त्रज्ञाने नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तळपाण्याची चढण आणि ट्रॉलची मासेमारी यांचा संबंध जोडून दाखवला आणि १९६८ साली भारत-पाकिस्तानच्या संपूर्ण पश्चिम पट्ट्यावरील तळवासी माशांविषयी सविस्तर लिहिले. म्हणजे विषय साठ-पासष्ट वर्षांचा जुना आहे. आपल्या वर्तमानपत्रांना तो दर सप्टेंबरला नव्याने सापडतो, इतकेच.

‘एवढा खवळलेला समुद्र, मग प्राणवायू कमी कसा?’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. लाटा फुटतात तेव्हा हवा पाण्यात मिसळते, हे कोणीही किनाऱ्यावर उभे राहून पाहू शकतो. पावसाळ्यात तर समुद्र सर्वांत जास्त घुसळला जातो. मग तळाशी गुदमरायला का व्हावे?

याचे उत्तर सह्याद्रीत आहे. घाटमाथ्यावर पडलेला धो-धो पाऊस पश्चिमवाहिनी नद्यांतून थोड्याच दिवसांत समुद्राला मिळतो, शिवाय समुद्रावरही पाऊस पडतोच. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते आमटीवरच्या तर्रीसारखे वर तरंगत राहते. गोव्याच्या किनाऱ्यासमोर हा थर जेमतेम पाच-दहा मीटर जाडीचा असतो, पण त्याखालच्या थंड, खाऱ्या, जड पाण्यावर तो झाकणासारखा बसतो. जून-जुलैच्या वादळी दिवसांत वारा हे झाकण अधूनमधून हलवतो. ऑगस्टअखेर वारा पडतो, ऊन येते, वरचा थर तापून आणखी हलका होतो, आणि खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो.

खालचे पाणी चढतानाच प्राणवायूने गरीब असते. त्याच्याबरोबर आलेल्या क्षारांवर वरच्या उजेडात सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, मरतात आणि झाकणाखाली जाऊन कुजतात. उरलासुरला प्राणवायू त्यात संपतो. म्हणून सर्वांत वाईट काळ धो-धो पावसाचा नसून तो ओसरल्यानंतरचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो.

कांदोळीसमोरच्या दोन बाटल्या

हे केवळ गणिताने काढलेले अनुमान नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७पासून कांदोळीच्या किनाऱ्यासमोर, सुमारे पंचवीस ते तीस मीटर खोलीच्या एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाण्याचे नमुने घेत आली आहे. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची जी रीत आजही प्रमाण मानली जाते ती १८८८ सालची, विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची. काचेच्या बाटलीत बुडबुडा राहणार नाही अशा बेताने समुद्राचे पाणी भरायचे, त्यात मँगनीजचा क्षार आणि मग अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे, बूच घट्ट लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी गाळ धरतो, दुधाच्या चहासारखा. नसेल तर गाळ पांढराच राहतो, पातळ ताकासारखा.

सप्टेंबरच्या एखाद्या दिवशी वरच्या पाण्याची बाटली चहासारखी आणि त्याच जागच्या तळाची बाटली ताकासारखी, अशा दोन शेजारी ठेवल्या की मधल्या पंचवीस मीटरांत काय घडले आहे ते आकडा न वाचताही कळते. पृष्ठभागाचे पाणी २८ अंशांच्या आसपास असताना तळाचे २२-२३ अंशांवर आलेले असते. काही वर्षी तर तळाच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्राणवायू संपला की जिवाणू आधी नायट्रेटवर आणि तेही संपल्यावर सल्फेटवर गुजराण करतात, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये या स्थितीचे वर्णन केले. पश्चिम किनाऱ्यावरचा हा मोसमी पट्टा पावणेदोन ते दोन लाख चौरस किलोमीटरांचा भरतो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडे वर आहे, त्यावरून अंदाज यावा.

मग मासे जातात कुठे?

पुराचे पाणी घरात शिरले की माणसे माळ्यावर चढतात, तेही कमी पडले तर उंचावरच्या शेजाऱ्याकडे जातात. तळवासी माशांचे तसेच आहे. त्यांच्या घरात शिरलेला पूर श्वास नसलेल्या पाण्याचा असतो, एवढाच फरक. आपल्याला वाटेल की समुद्र एवढा मोठा आहे, मासा खोल जाईल. पण खोल पाण्याकडेच तर तो कायमचा प्राणवायूहीन थर आहे. ती वाट बंद.

उरतात तीन वाटा. पहिली वर जाण्याची: तळ सोडून झाकणालगतच्या पाण्यात तरंगत राहायचे. चपळ माशांना हे काही काळ जमते, पण त्यांचे अन्न तळावर राहिले. दुसरी उताराने किनाऱ्याकडे चढण्याची. राणी मासा ही वाट धरतो. एरवी खोल पाण्यात राहणारे त्याचे थवे केरळ-कर्नाटकाकडे पावसाळ्यात उथळ पाण्यात येतात आणि तिथल्या ट्रॉलरना सापडतात. किनाऱ्याजवळ लाटांची घुसळण तळापर्यंत पोहोचते, त्यामुळे तिथे श्वास घेता येतो. पण आणखी आत गेले तर नद्यांचे गढूळ, गोडसर पाणी लागते, जे यातल्या बहुतेकांना मानवत नाही. म्हणजे एका बाजूला श्वास नाही आणि दुसऱ्या बाजूला मीठ नाही. तिसरी वाट किनाऱ्याला समांतर, जिथे चढण अजून पोहोचलेली नाही किंवा तिचा जोर कमी आहे अशा पट्ट्याकडे सरकण्याची.

ज्यांना पळता येत नाही त्यांचे काय? चिखलातले शिंपले आणि किडे जागच्या जागी मरतात किंवा मंदावून दिवस काढतात. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एलंड्स बे येथे अशाच पाण्यापासून पळत सुटलेल्या शेवंडी टनावारी किनाऱ्याच्या वाळूवर येऊन पडल्याचे अनेकदा घडले आहे. आपल्याकडे पुष्कळ मासे वेळेवर निसटतात.

नोव्हेंबरमध्ये वारे फिरतात आणि किनाऱ्याचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो. वरचे पाणी आता किनाऱ्याकडे दाबले जाते, थंड पाणी उतारावरून पुन्हा खाली ओसरते, आणि तळावर श्वास परत येतो. मासेही मागोमाग पांगतात.

‘हेच पाणी तारली-बांगड्याला कसे लाभते?’

लाभते हे खरे आहे. खालून आलेल्या क्षारांमुळे वाढलेली सूक्ष्म वनस्पती हे तारलीचे थेट अन्न आहे आणि बांगडाही त्याच साखळीवर जगतो. वरच्या थरातल्या माशांना चढणीतले खत मिळते, तळवासी माशांच्या वाट्याला त्याच खताच्या पिकाची कुजण येते. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर लग्न आणि तळघरात पाणी, अशी ही स्थिती आहे. म्हणून ‘यंदा पावसाळा मासळीला चांगला गेला का?’ या प्रश्नाला कोणत्या मासळीला हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

दरवर्षी सारखे का होत नाही?

कारण चढणीचा जोर केवळ इथल्या वाऱ्यावर ठरत नाही. सतरंजीचे एक टोक झटकले की लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तसे विषुववृत्तावर आणि बंगालच्या उपसागरात वाऱ्याने दिलेले हिसके किनारा धरून, श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. ते थंड-उष्ण पाण्यामधली सीमा कधी वर उचलतात, कधी खाली दाबतात. ज्या वर्षी हिंदी महासागराच्या पूर्व भागातले पाणी नेहमीपेक्षा थंड आणि पश्चिमेकडचे उष्ण असते, त्या स्थितीला ‘धन द्विध्रुव’ म्हणतात. अशा वर्षी ही सीमा आपल्या किनाऱ्यावर खोल दबलेली राहते, प्राणवायूहीन पाणी नेहमीइतके वर चढत नाही आणि तळ फारसा गुदमरत नाही. १९९७ हे असे ठळक वर्ष होते. इंडोनेशियाजवळच्या पाण्याचा गारवा आणि कोकणातल्या जाळ्यातली राणी यांचा असा संबंध असेल, हे ऐकायला गावगप्पेसारखे वाटते, पण आहे खरे.

पेरूच्या किनाऱ्यावर याचेच दुसरे रूप दिसते. एल निनोच्या वर्षी तिथली प्रसिद्ध अँचोव्ही मासळी कोसळते, पण तळावरचा हेक मासा दक्षिणेकडे दूरवर पसरतो, कारण एरवी गुदमरलेल्या तळावर त्या वर्षी प्राणवायूचे पाणी पोहोचते.

‘हे सगळे अतिमासेमारीवर पांघरूण घालणे नव्हे काय?’

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मासळी कमी झाली की प्रवाहांकडे आणि हवामानाकडे बोट दाखवणे सोयीचे असते. त्यामुळे स्थलांतर आणि घट यांतला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. मासे केवळ जागा सोडून गेले असतील तर हंगामाच्या उत्तरार्धात, तळावर श्वास परतल्यावर, ते त्याच मोठ्या आकारात परत दिसले पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीतही ते आले नाहीत, किंवा आले ते बोटभर लांबीचेच, तर दोष पाण्याला देता येणार नाही.

याहून नाजूक गोष्ट भरघोस जाळ्याची आहे. प्राणवायूहीन पाणी चढते तेव्हा एरवी शंभर किलोमीटर रुंदीत पांगलेले मासे किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटतात. लोकलच्या एका डब्यात अख्ख्या गाडीची गर्दी शिरली म्हणून मुंबईची लोकसंख्या वाढली, असे कोणी म्हणत नाही. पण जाळ्याबाबत आपण नेमके तेच म्हणतो: इतकी मासळी मिळते आहे, म्हणजे समुद्रात पुष्कळ आहे. खरे तर पळायला जागा नसलेली मासळी पकडणे सोपे झालेले असते, आणि साठा कमी असतानाही नौका भरून येऊ शकते. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या नियमाने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ती प्रजननासाठी आणि खवळलेल्या समुद्रातील सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, मात्र माशांची सर्वांत जास्त कोंडी होते ते सप्टेंबर-ऑक्टोबर तिच्या बाहेर राहतात. बंदी पुढे ढकला असे मी म्हणत नाही, त्यात छोट्या मच्छीमाराच्या पोटाचा प्रश्न आहे; पण त्या दोन महिन्यांतल्या उथळ पाण्यातल्या ट्रॉलिंगकडे अधिक काटेकोरपणे पाहायला हवे, एवढे या समुद्राच्या वागण्यावरून सरळ निघते.

माणसाचा हात किती?

तळपाण्याची चढण आणि तिच्याबरोबर येणारी गुदमर मूळची नैसर्गिक आहे. १९५०च्या दशकातली निरीक्षणेच तसे सांगतात. शेतातून वाहून येणारी खते आणि शहरांचे सांडपाणी यामुळे कुजण वाढते, ही शंका नक्वी यांच्या २०००च्या लेखातच होती. पण वर्षावर्षांमधला चढउतार इतका मोठा आहे की त्यातून माणसाचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही. जगाच्या पातळीवर चित्र अधिक स्पष्ट आहे: १९६०पासून महासागरांनी आपल्या एकूण प्राणवायूपैकी दोन टक्क्यांहून अधिक गमावला आहे, आणि पाणी तापणे हे त्यामागचे मोठे कारण आहे. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण काठावर जगणाऱ्याला दोन टक्के पुष्कळ असतात, आणि आपले तळवासी मासे वर्षातले काही महिने अक्षरशः काठावर जगतात.

उपग्रहाला जे दिसत नाही

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना ‘मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे’ हे कळवणारी सूचना देते आणि पुष्कळ तांडेल ती मोबाइलवर पाहून निघतात. ही सूचना मुख्यतः उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि हिरवेपणावर आधारलेली असते. उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते, पोट दिसत नाही. त्यामुळे बांगड्यासाठी ती कामाची, पण पंधरा वाव (सुमारे सत्तावीस मीटर) खाली राणीला श्वास घेता येतो आहे की नाही हे तिच्यातून कळत नाही. खुल्या महासागरात पाण्याखाली वर-खाली करणारे स्वयंचलित तरंगते यंत्रही उथळ किनारपट्टीवर सहसा फिरत नाही.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शेवंड पकडणाऱ्यांनी आपल्या सापळ्यांना तापमान मोजणारी छोटी उपकरणे बांधायला २००१च्या सुमारास सुरुवात केली. २०१९च्या सप्टेंबरात केप कॉड उपसागरात प्राणवायू संपून सापळ्यांतल्या शेवंडी मेल्या, तेव्हापासून तिथे सापळ्यांवर प्राणवायू मोजणारी उपकरणेही आली. आपल्याकडे ट्रॉलची फळी दिवसातून अनेकदा नेमक्या त्याच तळावर जाऊन येते जिथले पाणी मोजायला संशोधन-नौका वर्षातून मोजक्याच वेळा जाऊ शकते. तिला मुठीएवढे एक उपकरण बांधायला फार काही लागत नाही.